हेस्टरबाई उठेपर्यंत

टॅपन्स क्रीकच्या सेंट बार्नबस चर्चमध्ये रविवारी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गडबडतो. दारात थर्लो त्याच्या हातात पत्रक कोंबतो. बाकावर प्रार्थनांचं एक लाल पुस्तक असतं, गाण्यांचं एक निळं असतं, आणि पत्रक म्हणतं या पानावर जा, तर शेजारचा भलत्याच पानावर असतो. तेवढ्यात सगळे उठतात. हा उठतो तोवर बसतात. हा बसतो तोवर गुडघ्यांवर जातात. बिचाऱ्याला वाटतं, इथे देव भेटायच्या आधी कवायतीची परीक्षा द्यावी लागते की काय!

थर्लो जन्मभर दारात उभा राहून हेच बघत आलाय. तो पाहुण्याला बाजूला घेतो आणि हळूच सांगतो, "पुस्तकात डोकं घालू नका, साहेब. पहिल्या बाकावर ती निळी टोपी दिसते ना? मिस हेस्टर. त्या उठल्या की उठायचं, बसल्या की बसायचं, गुडघे टेकले की टेकायचे. फक्त उपदेशात त्या डुलकी घेतात, तेवढं करू नका. नवीन माणसाला शोभत नाही."

तर ह्या हेस्टर टॉलिव्हरबाई. आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस'च म्हणतात. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या, त्यामुळे गावात कोणाचं कोणाशी पटतं आणि कोणाचं फाटतं हे पाद्र्याच्या आधी त्यांना कळायचं. आमच्याकडे चर्च मागून भरतं. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून पुढे बसावं लागतं. हेस्टरबाई मात्र आपणहून पहिल्या बाकावर, कारण त्यांची आई तिथे बसायची आणि आजी तिथे बसायची. ताठ बसायच्या, ताठ उठायच्या. अख्खं चर्च त्यांच्या पाठीकडे बघून उपासना करायचं. एकदा स्कर्ट बाकाच्या खिळ्यात अडकला म्हणून बाई भर उपदेशात उठल्या, तर मागची सगळी मंडळी धाडकन उभी! तेव्हाच्या पाद्रीबुवांना वाटलं, आपलं बोलणं लोकांना फारच पटलं. त्यांनी आणखी बराच वेळ लांबवलं. बाईंनी त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

असा मान ज्या बाईला, तिला ऐकू येईनासं झालं.

एकदम नाही. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा गेली, मग ऑर्गनचे बारीक सूर गेले. शेवटी माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं यायला लागलं. दुसरी कोणी असती तर डॉक्टरकडे गेली असती, कानात यंत्र घालून मोकळी झाली असती. पण बाईंचा मुलगा प्रेस्टन तिकडे वाळवंटात, फिनिक्सला, आणि त्यानं केव्हाच जाहीर करून टाकलं होतं, "आई, ज्या दिवशी तुला एकटीला झेपेनासं होईल, त्या दिवशी तू आमच्याकडे. ठरलं." ठरवलं त्यानं, बाईंना कोण विचारतो! फिनिक्सला नदी नाही, खेकडे नाहीत, अंगणात गवताऐवजी खडी घालतात. बाई एकदा जाऊन आल्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "भट्टी आहे, भट्टी. तिथे माणसं राहतात की भाजतात?" यंत्र दिसलं की प्रेस्टन सामान बांधायला हजर होणार, हे त्या पक्कं ओळखून होत्या. म्हणून यंत्र नको, डॉक्टर नको, आणि कोणाला कळायला तर मुळीच नको.

फोनवर त्यांनी नामी युक्ती काढली. आपणच बोलत राहायचं, त्याला तोंड उघडू द्यायचं नाही, आणि शेवटी "बरं, ठेवते आता" म्हणून ठेवून द्यायचं. प्रेस्टन बायकोला म्हणायचा, आईची तब्येत काय खणखणीत आहे बघ!

चर्चचं सोपं होतं. पुस्तक त्यांना तोंडपाठ. फक्त गाडी कुठवर आलीय तेवढं कळलं की झालं. बरंचसं डोळ्यांनीच कळायचं. शुभवर्तमान वाचायला पुस्तक मधल्या वाटेनं मिरवत आणतात, ते दिसतं. उपदेशाला पाद्री वर चढतात, ते दिसतं. घोळ व्हायचा तो पुढे. सगळे गुडघ्यांवर, माना खाली. मागून कोणीतरी लोकांसाठीच्या प्रार्थना वाचतो, मग पापांची कबुली, मग क्षमेचं वचन, आणि मग उठून एकमेकांना शांती द्यायची, म्हणजे हातात हात घेऊन 'प्रभूची शांती' म्हणायचं. हे सगळं कानावर. मान वर करून बघावं, तर टॉलिव्हर घराण्यात कबुलीच्या वेळी मान वर केलेली कोणाच्या ऐकिवात नाही.

म्हणून बाई बोटांच्या फटीतून वाटेपलीकडे बघायच्या. तिथे, पलीकडच्या पहिल्या बाकावर, नेल कॅरो बसायची. हिरवं पीस खोचलेली टोपी घालायची. ते पीस हललं की समजायचं, नेल उठतेय. नेलच्या मागोमाग बाई, बाईंच्या मागोमाग सगळं चर्च. कोणाला कधी पत्ता लागला नाही. नेललासुद्धा नाही.

नेलच्या पलीकडे तिचा नवरा बसायचा, कॅप्टन एल्ड्रिज. पूर्वी नदीवर जहाजं ओढणारी टगबोट चालवायचा. त्याच्याशी बाई बोलत नव्हत्या. का, ते सांगतो. चर्चच्या आवारातल्या जूनच्या सहलीला बाई मिठात मुरवून घरच्या धुराड्यात टांगलेलं हॅम, म्हणजे डुकराची मांडी, आणतात, पातळ काप करून छोट्या मऊ पावांत घालतात. त्यांच्या आजोबांपासूनची रीत. एका वर्षी कॅप्टननं चार लोकांत घास घेतला आणि म्हणाला, "हॅम फर्मास आहे, हेस्टर. फक्त विहीर जवळ पाहिजे." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. तेव्हापासून जी बोलती बंद झाली ती झालीच.

आता चर्चमध्ये दर रविवारी शांती द्यायची म्हणजे पंचाईतच की! पण नेल होती ना मध्ये. ती वाटेत यायची, एक हात हेस्टरबाईंना द्यायची, दुसरा नवऱ्याला, आणि शांती तिच्यापाशीच अडकून राहायची. ह्या बाजूची ह्या बाजूला, त्या बाजूची त्या बाजूला.

थंडीत नेल गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. हेस्टरबाई आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. अंत्यविधीच्या जेवणाला त्यांनी बटाट्याचं सॅलड नेलं, मसाला भरलेली अंडी नेली, पीच भरून भाजलेली पेस्ट्री नेली. हॅम नेलं नाही. कॅप्टननं टेबलाकडे बघितलं, ते त्यांनी पाहिलं. मनात आलं, नेलसाठी तरी आणायला हवं होतं. पण नाही आणलं.

मग कॅप्टन चर्चमध्ये यायचाच बंद झाला. आणि पीसच राहिलं नाही म्हणून बाई सकाळच्या आठच्या उपासनेला जायला लागल्या. तिथे गाणं नाही, माणसं मोजकी, सगळी पेंगुळलेली. कोणी कोणाकडे बघत नाही, शांती देतानाही नुसती मान डोलावतात. थर्लोला सांगितलं, "वय झालं की लवकर उठलेलं बरं." थर्लोला आश्चर्य वाटलं, पण मिस हेस्टरना उलटं कोण विचारणार?

पण उन्हाळा लागला की आमच्याकडे आठची उपासना बंद, दहाची एकच. त्यात जूनची सहल. त्यात प्रेस्टनचा फोन, "आई, ह्या वेळी मी सहलीला येतोय." हे मात्र नेमकं ऐकू आलं! 

त्या रविवारी चर्च खच्चून भरलं. हॅमच्या नावानं माणसं येतात, देवही समजून घेतो. निम्म्या लोकांनी वर्षभरात पुस्तक उघडलं नव्हतं. थर्लो दारात प्रत्येकाला सांगत होता, "निळी टोपी, निळी टोपी." प्रेस्टन आईशेजारी बसला, उन्हानं रापलेला, झकपक कोटातला. तो फिनिक्सला रविवारी गोल्फ खेळतो, त्यामुळे त्यालाही काही आठवत नव्हतं. "आई, तू करशील तसं मी करतो," तो म्हणाला. बाईंनी ओठांवरून ओळखलं आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

बसताना त्यांनी वाटेपलीकडे बघितलं. कॅप्टन आला होता. थर्लोनं टेबलं लावायच्या निमित्तानं ओढून आणला असणार. आपल्या जागी बसला होता आणि नेलची जागा रिकामी होती. बाईंनी मान फिरवली. आणि मग त्यांना खरंखरं जाणवलं की आज पीस नाही.

'असू दे,' त्यांनी मनाला समजावलं. 'कॅप्टन आहे. तीस वर्षं ह्या बाकावर बसतोय. बोलणं नसेल, पण बघायला काय जातंय?'

पाद्रीबाई मार्सी नवीन, तरुण. पोरगी गुणी, पण बोलताना ओठ हलवत नाही, आणि शांतता पाळायची तिला भारी हौस. शुभवर्तमान झालं, उपदेश झाला, सगळं रीतसर. मग गुडघे. बाईंनी तोंड ओंजळीत धरलं आणि करंगळीच्या फटीतून कॅप्टनकडे नजर लावली.

कॅप्टन गुडघ्यांवर होता. बाईंनी वाट बघितली. तो हलेना. कबुली झाली असेल? क्षमा झाली असेल? ही मार्सी नेमकी आजच लांबवतेय का? गुडघे बोलायला लागले. कॅप्टन तसाच. आणि एकाएकी बाईंच्या ध्यानात आलं की कॅप्टनच्याही बोटांत फट आहे, आणि त्या फटीतून एक डोळा थेट त्यांच्याकडे लागलाय.

इकडे मार्सीनं क्षमेचं वचन दिलं होतं. हात पसरून "प्रभूची शांती सदैव तुमच्याबरोबर असो" म्हटलं होतं. ज्यांना येत होतं त्यांनी "आणि तुमच्याबरोबरही" म्हटलं होतं, गुडघ्यांवरूनच. कारण मिस हेस्टर उठल्या नव्हत्या. जुन्या लोकांना कळत होतं की आता उठायचं, पण मिस हेस्टरच्या आधी उठायचं म्हणजे काय! आणि नवे लोक निळ्या टोपीकडे बघून श्वास रोखून बसलेले.

मार्सीनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. पुन्हा उत्तर आलं. कोणी हलेना. मागे एका पाहुणीनं नवऱ्याला विचारलं, "अहो, कोणी वारलं का?" ऑर्गनवाल्यानं काय करावं ते न सुचून एक सूर धरून ठेवला.

प्रेस्टन वाकला. "आई," तो कुजबुजला, "उठायचं का आता?" तो बाईंच्या डाव्या बाजूला होता आणि डावा कान पारच गेलेला. त्यानं पुन्हा विचारलं, "आई? ऐकतेस ना?" बाईंचं बोटही हललं नाही.

हे कॅप्टननं पाहिलं. आयुष्यभर धुक्यात बोट चालवलेला माणूस. कोणती बोट भोंग्याला उत्तर देत नाही आणि का देत नाही, हे त्याला कळतं. तो उठला. गुडघ्याचा कट् असा आवाज चर्चभर झाला. तो वाट ओलांडून आला, जी वाट त्यानं इतक्या वर्षांत ओलांडली नव्हती, आणि हेस्टरबाईंच्या समोर हात पुढे करून उभा राहिला. बरोबर समोर, तोंड दिसेल असा. एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "प्रभूची शांती, हेस्टर."

बाईंनी हात बघितला. ओठ बघितले. आणि गाडी कुठवर आलीय ते त्यांना कळलं.

त्यांनी तो हात धरला आणि उठल्या. हात धरल्याशिवाय उठताही आलं नसतं, खरं सांगायचं तर. त्यांच्यामागे अख्खं चर्च दणदणत उठलं आणि सगळीकडे शांतीचा एकच कल्ला झाला.

"तुमच्याबरोबरही, एल्ड्रिज," बाई म्हणाल्या. नेल गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचे डोळे चारचौघांत भरून आले.

उपासना संपून लोक ओकच्या झाडाखाली टेबलांपाशी पोचले तोवर गोष्ट तयार झाली होती, आणि ती बाईंना करावी लागली नव्हती. थर्लोच सांगत सुटला, "बघितलंत ना? मिस हेस्टरनी हट्टच धरला! जोवर कॅप्टन येऊन माफी मागत नाही तोवर उठणार नाही म्हणजे नाही. अख्ख्या चर्चला गुडघ्यांवर ठेवलं हो!" मार्सीचा चेहरा तर फुलला होता. नेमका समेटावरच उपदेश केला होता तिनं. ती बाईंचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलली. बाईंना ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तूही छान बोललीस, बाळ."

प्रेस्टन हसत होता. आईच्या समोर येऊन म्हणाला, "आई, तू काही बदलायची नाहीस. मी घाबरलो ना! मला वाटलं तुला काही होतंय. आणि तू हॅमवरून भांडत होतीस!"

"मग?" बाई म्हणाल्या. "सोडून द्यायचं होतं का?"

"तुला फिनिक्सला नेलं तर तू आमच्या चर्चलाही गुडघ्यांवर ठेवशील. राहा बाई इथेच." तो पाव खाऊ लागला. मग त्यानं पाणी मागितलं, पण आईला दिसणार नाही असं.

मग टेबलापाशी कॅप्टन आला. बाई पावांत काप घालत होत्या, पाठमोऱ्या. तो मागे उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हेस्टर, टोपीला आग लागलीय." बाई काप घालत राहिल्या. कॅप्टन टेबलाला वळसा घालून समोर आला.

"तुम्हाला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

बाईंच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी प्रेस्टनकडे बघितलं. तो लांब होता, लहानपणच्या मित्राशी गप्पा मारत होता.

"आणि तुम्ही?" त्या दबक्या आवाजात फिस्कारल्या. "तुम्ही का नाही उठलात? तीस वर्षं पहिल्या बाकावर बसताय. मी तुमच्याकडे बघत होते!"

"माझ्याकडे?" कॅप्टन थक्कच झाला. "अहो, मी बाप्टिस्ट पंथातला. आमच्याकडे गुडघ्याबिडघ्यांचं नाटकच नव्हतं. लग्न झालं म्हणून इथे आलो. नेल मला कोपरानं ढोसायची. एकदा ढोसलं की उठ, दोनदा ढोसलं की गुडघे. तीस वर्षं मी पुस्तक उलटंसुद्धा धरलं असेल. आज कोपर नव्हतं, म्हणून तुमच्याकडे बघत होतो."

 बाईंना हसू फुटलं. इतकं की सुरी खाली ठेवावी लागली.

"म्हणजे मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला येतच नाही!"

"असंच म्हणा."

"कोणाला सांगाल तर याद राखा, एल्ड्रिज कॅरो. माझा मुलगा मला त्या भट्टीत नेऊन टाकेल."

"मी कशाला सांगू? मला कुठे कोणाला सांगायचंय की मी इतकी वर्षं ढोसण्यावर चाललो?" त्यानं एक पाव उचलला, खाल्ला, बराच वेळ चावला. डोळ्यांत पाणी आलं. मिठाचं की कशाचं, देव जाणे. "डॉक्टरनं मीठ बंद केलंय," तो म्हणाला. "नेल म्हणायची, आपल्या घरात हेस्टरचं हॅम तुझ्या जिभेमुळे बंद झालं. अखेरपर्यंत म्हणायची."

बाईंनी कागदात चांगला जाड काप गुंडाळला आणि त्याच्या कोटाच्या खिशात घातला.

पुढच्या रविवारी प्रेस्टन फिनिक्सला परत गेलेला होता. कॅप्टन चर्चमध्ये आला आणि आपल्या बाकाकडे न जाता सरळ वाट ओलांडून हेस्टरबाईंशेजारी येऊन बसला, उजवीकडे. आता आमच्याकडे बाक बदलणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. लोक एक वेळ पंथ बदलतील, बाक नाही बदलणार. मागच्या बाकांवर सरळसरळ कुजबुज सुरू झाली. थर्लोनं पत्रकं वाटायची सोडून छातीवर हात ठेवला.

"लोक काय म्हणतायत माहितीय का?" कॅप्टन तोंड पुढे करून म्हणाला. "म्हणतायत, म्हाताऱ्यांचं जमलं."

बाईंनी टोपी नीट केली. "म्हणू देत. बहिरी म्हणण्यापेक्षा ते परवडलं. प्रेस्टनलाही कळवतील मेले. कळू दे, तेवढाच गप्प बसेल."

उपासना सुरू झाली. पुस्तक दोघांच्या मध्ये. कॅप्टन ऐकायचा आणि ओळीवर बोट ठेवायचा. बाई ओळ बघायच्या आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक असायचं. त्या उठल्या की तो उठायचा, आणि दोघांच्या मागे सगळं चर्च. गुडघ्यांवर गेल्यावर मात्र पुस्तक दिसेना. बाईंनी ओंजळीत तोंड धरलं. फटीतून बघायची गरज नव्हती, तरी सवयीनं बघितलं. पलीकडच्या बाकावर कोणीच नव्हतं.

मार्सी हात पसरून काहीतरी म्हणाली असणार, कारण बाईंच्या बरगडीत कोपर बसलं. चांगलं सणसणीत. बाई कळवळल्या.

"अहो, हळू!" त्या कुजबुजल्या, पण बहिऱ्या माणसाची कुजबुज, सगळ्या चर्चनं ऐकली. "नेल इतक्या जोरात मारायची होय?"

कॅप्टननं त्यांच्याकडे तोंड वळवलं. ओठ दिसतील असं.

"ती मारायची मला," तो म्हणाला. "याहून जोरात." आणि त्याचा चेहरा असा काही झाला की हेस्टरबाईंनी सगळ्यांच्या आधी उठून त्याच्या दंडाला धरलं, आणि त्याला उभं केलं.